वरची रेघ, खालची रेघ

आयडाहो राज्याच्या पश्चिम कडेला, क्लिअरवॉटर नदी जिथे स्नेक नदीला मिळते, तिथे लुइस्टन नावाचे गाव आहे. वरच्या अंगाला गव्हाच्या टेकड्या, नदीकाठी कागदाचा कारखाना, आणि सुगी आटोपली की हरणाच्या शिकारीचे दिवस. घरी काडतुसे भरणाऱ्या अमेरिकी माणसाला हे गाव आणखी एका कारणाने ठाऊक असते. दुसऱ्या महायुद्धात सगळा दारूगोळा सैन्याकडे जाऊ लागला आणि साध्या शिकाऱ्याला गोळ्या मिळेनाशा झाल्या, त्याच दशकात व्हर्नन स्पीअर यांचा गोळ्यांचा कारखाना इथे उभा राहिला. पुढे त्यांचे बंधू डिक स्पीअर यांनी याच गावात सीसीआय ही प्रायमर बनवणारी कंपनी काढली.

या गावात एक म्हातारा राहत होता. जन्मभर त्याने लोकांच्या बंदुका दुरुस्त केल्या होत्या आणि बिघडलेल्या बंदुका का बिघडल्या हे त्याला पाहताक्षणी कळत असे. त्याला एक नात होती आणि एक नातू. नात थोरली. घोड्यावर बसायचे असो की पुरात ट्रॅक्टर घालायचा असो, ती पहिली. नातू धाकटा. पूल ओलांडण्याआधी तो कठडा हलवून पाहायचा. दोघेही विशीतले. एका हिवाळ्यात दोघे आजोबांपाशी आले आणि म्हणाले, "आम्हाला रिव्हॉल्व्हरची काडतुसं भरायला शिकवा."

आजोबांनी त्यांना मागच्या शेडमध्ये नेले. लाकडी बाकाला घट्ट बसवलेला प्रेस, तागडीसारखा नाजूक काटा, पन्नास भोकांची लाकडी पाटी, आणि फळीवर दारूचे डबे. पण डब्याला त्यांनी बरेच दिवस हात लावू दिला नाही. समोर एक जाडजूड पुस्तक ठेवले. कोणत्या पुंगळीत, कोणत्या गोळीमागे, कोणती दारू किती ग्रेन घालायची, याची पानेच्या पाने भरलेली कोष्टके त्यात होती. प्रत्येक ओळीला दोन आकडे: सुरुवातीचे माप आणि कमाल माप.

"आधी हे वाचा. ज्यांनी लिहिलंय त्यांच्याकडे नळीतला दाब मोजायची यंत्रं आहेत. आपल्याकडे काटा आहे, डोळे आहेत, दाब मोजायला काही नाही. दाब दिसत नाही, ऐकू येत नाही. तो फार झाला की मगच कळतो."

मग त्यांनी एकेक जिन्नस हातात दिला. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसात जिन्नस चारच असतात, पितळी पुंगळी, तिच्या बुडात बसणारा, दारू पेटवणारा प्रायमर, दारू आणि गोळी, पण चारांपैकी एक बदलला तरी काडतूस दुसरेच होते. पुंगळ्या त्यांनी कंपनीनुसार वेगळ्या काढायला लावल्या. बाहेरून माप तेच असले तरी कोणाचे पितळ आतून जाड असते, कोणाचे पातळ, आणि आतली जागा कमी झाली की तीच दारू जास्त दाब देते. गोळ्या शिशाच्या वेगळ्या आणि तांब्याचे कवच असलेल्या वेगळ्या. शिसे मऊ, नळीतून सहज सरकते, म्हणून हलक्या भाराला चांगले. कवचाची गोळी नळीला घट्ट धरते, फार हलक्या भारावर ती मध्येच अडकू शकते. गोळी किती खोल बसवायची, हेही पुस्तकात दिलेले असते आणि ते शोभेसाठी दिलेले नसते. थोडी जास्त खोल गेली की दारूला जागा उरत नाही आणि दाब चढतो. आणि पुंगळीचे तोंड गोळीच्या खाचेत नीट वळवून दाबले नाही, तर पहिल्या बाराच्या धक्क्याने सिलिंडरमधल्या बाकीच्या गोळ्या पुढे सरकतात. एखादी बाहेर डोकावली की सिलिंडर फिरतच नाही.

आजोबांनी मग दोघांना एकेक रिव्हॉल्व्हर दिले. दोन्ही .३५७ मॅग्नमची. त्यांच्यात .३८ स्पेशलचे काडतूसही चालते, कारण .३५७ हे .३८चेच लांबवलेले रूप. .३८ आले एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. १९३५ साली त्याहून कितीतरी जोरदार काडतूस काढताना पुंगळी साधारण एक अष्टमांश इंच लांब केली, ती मुद्दाम, म्हणजे नवे काडतूस जुन्या, नाजूक रिव्हॉल्व्हरमध्ये चुकूनही बसू नये. अमेरिकेतल्या दारूगोळा उत्पादकांच्या संस्थेने, १९२६ साली स्थापन झालेल्या सामीने, .३८ स्पेशलला दर चौरस इंचाला १७,००० पौंड दाबाची मर्यादा घातली आहे आणि .३५७ला ३५,००० पौंडांची. दोन पुंगळ्या शेजारी ठेवल्या तर नखाएवढाही फरक दिसत नाही, आणि आतला दाब दुप्पट! मला या साऱ्या विद्येतली हीच गोष्ट सर्वांत आधी शिकवण्यासारखी वाटते. डोळ्याला जे सारखे दिसते त्यावर इथे विसंबता येत नाही.

.३८ची पुंगळी काळ्या दारूच्या काळातल्या घडणीची, म्हणून आतून ऐसपैस. आजची जलद जळणारी दारू, बुल्सआयसारखी, निशाणाच्या हलक्या काडतुसाला तीनेक ग्रेनच लागते. एका पौंडात ७,००० ग्रेन असतात, यावरून तीन ग्रेन म्हणजे किती ते समजावे. ती चिमूट पुंगळीच्या तळाशी कुठे दिसेनाशी होते. बोलण्याच्या नादात त्याच पुंगळीत पुन्हा दारू पडली, तरी वर गोळी निवांत बसते. म्हणून आजोबांचा नियम असा की, पाटीवर पन्नास पुंगळ्या भरल्या की गोळी बसवण्याआधी विजेरी घेऊन पन्नासही पुंगळ्यांत डोकावायचे, आणि बाकावर एका वेळी दारूचा एकच डबा ठेवायचा.

"मग किती दारूपासून सुरुवात करायची?" नातवाने विचारले.

"पुस्तकात जे सुरुवातीचं माप आहे तिथून. पाच-सहा काडतुसं भर, उडव, पुंगळ्या बघ, वहीत लिही. मग थोडं थोडं वर. कमाल मापाला पोचायलाच हवं असं नाही. बहुतेक वेळा नेम सगळ्यात चांगला त्याच्या अलीकडेच बसतो."

"आणि एखाद्या पुस्तकात नुसतं कमाल माप दिलं असेल तर?"

"तर त्याच्या एक दशांश खाली उतरून सुरुवात. आणि तिथे दुसरं काही लिहिलं असेल तर ते आधी वाच."

दोघांनी मान डोलावली. पण ऐकणे वेगळे आणि हातात येणे वेगळे.

फळीवर एक जुनी वही होती. आजोबांच्या एका दिवंगत मित्राची. त्यात पेन्सिलीने त्याची मापे लिहिली होती आणि एका मापाखाली दोन रेघा मारून 'उत्तम' असे लिहिले होते. नातीला ती वही सापडली. ज्या माणसाने चाळीस वर्षे हरणे मारली त्याने उत्तम म्हटले, मग खालून चढत जाण्यात वेळ का दवडायचा, असे तिला वाटले. तिने ते माप घेतले. मात्र मित्राची गोळी शिशाची होती, ती दुकानात नव्हती, म्हणून हिने कवचाची घेतली, थोडी लांब आणि त्यामुळे पुंगळीत जास्त खोल गेलेली. प्रायमर हातात आले ते मॅग्नमचे, जास्त आच देणारे. दारूच्या डब्यावर नाव तेच होते, पण डबा कितीतरी वर्षांनी नवा. वहीतला एक आकडा तेवढा तसाच राहिला, त्याच्या भोवतीचे सगळे बदलले.

पहिल्याच बाराला रिव्हॉल्व्हर तिच्या हातात उसळले. दुसरा, तिसरा. पुंगळ्या काढायला गेली तर त्या सिलिंडरमध्ये चिकटून बसल्या. तळहाताने ठोकून निघेनात, शेवटी लाकडी हातोडीने काढाव्या लागल्या. प्रायमर पाट्यावर चेचल्यासारखे सपाट झाले होते. ती मात्र खुशीत होती. "बघा, चालली! काहीच झालं नाही."

आजोबांनी उरलेली काडतुसे तिच्या हातातून काढून घेतली. ते रागावले नाहीत. तिला बाकाशी बसवले आणि हातोडीसारख्या दिसणाऱ्या एका अवजारात एकेक काडतूस अडकवून, आपटून, गोळी आणि दारू सुटी करायला लावली. काम चालले असताना ते सांगू लागले.

"याच राज्यात सॅमन नदीच्या काठी एल्मर कीथ राहायचा. १८९९चा जन्म त्याचा, १९८४ला गेला. रिव्हॉल्व्हरबद्दल या देशात त्याच्याइतकं लिहिणारे थोडे. तरुणपणी .४५ कोल्टची भारी काडतुसं भरून बघायचा, आणि त्या नादात त्याचं रिव्हॉल्व्हर फुटलं. .४५च्या सिलिंडरची भिंत पातळ. मग तो जाड भिंतीच्या .४४कडे वळला, वर्षानुवर्षं त्याच्या मापांवर खपला, आणि १९५५-५६मध्ये .४४ मॅग्नम बाजारात आलं त्यामागे त्याचाच रेटा होता. लोकांना मॅग्नम आठवतं. फुटलेलं रिव्हॉल्व्हर कोणी आठवत नाही."

"पण माझं नाही फुटलं, आजोबा."

"नाही फुटलं. पोलाद आपली चूक बराच वेळ सोसतं, बोलत नाही. पितळ त्याच्या आधी बोलतं, पण तेही उशिराच. तुझी पुंगळी चिकटली म्हणजे दाब मर्यादेपाशी पोचला असं समजू नकोस. तो मर्यादा ओलांडून गेल्यावर ती चिकटली. .३८सारख्या काडतुसात तर प्रायमर सपाट होईपर्यंत दाब मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेला असतो. लक्षणं दिसेपर्यंत चढत जायचं, असं जो शिकवेल त्याच्यापासून लांब राहा."

नात गप्प झाली. हे सगळे नातू शेजारी उभा राहून ऐकत होता. त्याच्या मनात एकच गोष्ट बसली: जास्त दारू म्हणजे धोका. मग कमी दारू म्हणजे सुरक्षितता, हे त्याने स्वतःच ठरवले.

त्याने फळीवरचा दुसरा डबा उचलला. ती होती एच११० नावाची, बारीक गोल दाण्यांची, सावकाश जळणारी दारू. विंचेस्टर २९६ नावाने मिळते तीही हीच, डबे तेवढे दोन. मॅग्नम काडतुसाला अफाट वेग देणारी. पुस्तकात तिची दोन्ही मापे एकमेकांना अगदी लागून होती आणि खाली ठळक अक्षरांत टीप होती. टीप त्याने पाहिली, पण तशी ठळक अक्षरे प्रत्येक पानावर असतात, बहुतेक जास्त घालू नका असेच सांगणारी, म्हणून पुरती वाचली नाही. दिलेल्या मापातून त्याने तिसरा हिस्सा दारू कमी केली. साधा प्रायमर लावला, तोही सौम्य असावा म्हणून. सहा काडतुसे भरली आणि समाधानाने मैदानावर गेला.

पहिल्या बाराचा आवाज 'धाड' असा आलाच नाही. नुसते 'फुस्स' झाले. समोरच्या कागदावर भोक नाही. फुसका बार निघाला असे समजून त्याने चापावरचे बोट न काढता पुढचा बार काढायचे ठरवले. सिलिंडर मोकळे फिरत होते, अडकल्याची काहीच खूण नव्हती, आणि खरा धोका तिथेच होता. शेजारी उभ्या बहिणीने त्याचे मनगट धरले.

"थांब. गोळी कुठे गेली?"

गोळी नळीत होती, दोन इंच आत. तिच्यामागे दुसरी गोळी गेली असती तर नळी फुगली असती, कदाचित फाटली असती. सिलिंडर उघडून पाहिले तर न जळलेले दारूचे दाणे जागोजागी सांडलेले.

आजोबांनी रिव्हॉल्व्हर रिकामे केले, पितळेची कांडी नळीत घालून हलक्या हाताने ठोकून गोळी मागे काढली आणि मग दोघांना शेगडीपाशी बसवले.

"काटक्या आणि ओंडका यांतला फरक तुम्हाला ठाऊक आहे," ते म्हणाले. "बुल्सआयची जात काटक्यांची. चार घातल्या तरी भुरकन पेटतात. ही दुसरी दारू ओंडक्यासारखी. शेगडी भरलेली हवी, आच सणसणीत हवी, दार लावलेलं हवं, तेव्हा ती धड जळते. तिला पुंगळी भरून लागते, मॅग्नमचा प्रायमर लागतो, घट्ट वळवलेलं तोंड लागतं. तू शेगडी अर्धी रिकामी ठेवलीस आणि काडीही लहान लावलीस. ती धुमसली, गोळीला नळीबाहेर ढकलायला पुरेल एवढा दाब झालाच नाही."

त्यांनी पुस्तक उघडून ती टीप नातवाला मोठ्याने वाचायला लावली. या दारूचे माप दिलेल्यापेक्षा कमी करू नका, असे तिथे स्वच्छ लिहिले होते.

"पण तुम्हीच म्हणालात, खालून सुरुवात करा."

"मी म्हणालो, पुस्तकाच्या खालच्या मापापासून. तुझ्या भीतीच्या खालच्या मापापासून नव्हे. कोष्टकात दोन रेघा असतात. वरची सगळ्यांना माहीत असते. खालचीही रेघच आहे, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. ताईने वरची पाहिली नाही, तू खालची पाहिली नाहीस. ती हौसेने चुकली, तू भीतीने. नळीला दोघंही सारखेच."

नातू खाली मान घालून म्हणाला, "मला वाटलं मी काळजी घेतोय."

"काळजी घेणं म्हणजे जपून वागणं एवढंच नाही. काळजी घेणं म्हणजे ज्याला मोजता आलं त्याने काय लिहून ठेवलंय ते पुरतं वाचणं. भित्र्या माणसाला वाटतं आपण धीटापेक्षा शहाणे. मी दुरुस्त केलेल्या नळ्यांत फुगलेल्या नळ्याही होत्या, आणि त्यांतल्या बऱ्याच हलक्या काडतुसांनी फुगलेल्या."

मला म्हाताऱ्याच्या बोलण्यात हेच सर्वांत खरे वाटते. धिटाईला आपण नावे ठेवतो, पण भीतीला विचारायचे विसरतो. अंदाज तो अंदाजच, मग तो जास्तीचा असो की कमीचा.

त्यानंतर दोघांनी पुन्हा पहिल्यापासून आरंभ केला. निशाणासाठी नातवाने .३८च्या पुंगळ्या आणि शिशाच्या गोळ्या घेतल्या. दारू निवडताना त्याने पुस्तकातून फुगीर कणांची एक शोधली, प्रत्येक कणाच्या मधोमध भोक असलेली. ती थोड्या वजनात पुंगळी बरीच भरते, चुकून दुसऱ्यांदा पडली तर वर सांडते आणि डोळ्याला दिसते. ही निवड भीतीपोटी नव्हती, विचाराने केलेली होती, आणि आजोबांनी त्याची पाठ थोपटली. नातीने हरणासाठी एच११०च घेतली, मॅग्नमचा प्रायमर लावला, पुस्तकातली गोळी घेतली, सांगितली तेवढीच खोल बसवली, आणि दोन लागून असलेल्या आकड्यांच्या मध्ये राहिली. जुनी वही तिने टाकली नाही. प्रत्येक मापापुढे गोळी, प्रायमर, पुंगळी यांचे रकाने आखले. मित्राने ते लिहिले नव्हते म्हणून रकाने रिकामे राहिले, आणि ज्यापुढचा रकाना रिकामा ते माप वापरायचे नाही, असे तिने वरती लिहून ठेवले.

काही वर्षे गेली. २०२०-२१मध्ये अमेरिकेत प्रायमर मिळेनासे झाले. दुकानांची फडताळे रिकामी, जो डबा मिळेल तो लोक उचलत. नातीला तिच्या नेहमीच्या कंपनीचे प्रायमर कुठेच मिळाले नाहीत. मिळाले ते दुसऱ्या कंपनीचे, तेही मॅग्नमचे, त्याच मापाचे. हरणाचा मोसम तोंडावर आला होता आणि तिचे ठरलेले माप तिला पाठ होते. गावातला एक अनुभवी शिकारी दुकानातच म्हणाला, "मी हेच वापरतो, तुझ्याच मापावर. काही होत नाही."

"तुमच्या रिव्हॉल्व्हरमध्ये होत नसेल," ती म्हणाली. "गोळी कोणती? पुंगळी कोणाची?"

शिकाऱ्याला पुंगळीची कंपनी आठवेना. तिने प्रायमरचे पैसे दिले, घरी येऊन बाकावर एकच डबा ठेवला आणि भावाला हाक मारली. त्याने पुस्तकातले सुरुवातीचे माप आणि त्याखालची टीप दोन्ही मोठ्याने वाचली, तिने काटा त्या आकड्यावर आणला, आणि त्या संध्याकाळी त्यांनी सहाच काडतुसे भरली.